पाच घरचं झबलं

माझ्या लेकीला जुनं आवडायला लागलं ते दिवस गेल्यावर. त्याआधी आमच्या भूमच्या घरातली एक जुनी वस्तू तिला सहन व्हायची नाही. पितळेचे डबे मोडीत काढ, लोखंडी कपाट बदल, हा हंडा कशाला ठेवलास, असं प्रत्येक सुट्टीत चालायचं. आणि पाचवा महिना लागला तसे पुण्याहून फोनवर फोटो यायला लागले. फुग्याच्या बाह्यांचे फ्रॉक, गोल कॉलरी, छातीवर बारीक चुण्या, खाली झालर, हनुवटीखाली बंद बांधायच्या टोप्या. फोटोतली बाळं परदेशातली, गुबगुबीत, आणि कपड्याला एक सुरकुती नाही. "आई, असं जुन्या काळातलं पाहिजे. विकतचं नको. तू शीव."

मी नुकतीच निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि आता सकाळी दहानंतर करायचं काय, हा प्रश्न होता. यजमान वर्तमानपत्रात डोकं घालून बसायचे. माझी आई, वय ऐंशीच्या पुढं, खिडकीजवळच्या खाटेवर. तिला मी एकटीच, म्हणून ईट गावातलं घर बंद करून तिला माझ्याकडं आणलं होतं. शिलाई मशीन अडगळीत होतं, ते पुसून, तेल घालून मी खिडकीपाशी मांडलं. शिवण मला येत होतं, पण फोटो बघून शिवणं वेगळं. त्या चुण्या कागदावर काढून बघितल्या, जुनी उशी उसवून त्यावर घालून बघितल्या, आणि दर वेळी बाळाचा फ्रॉक न होता अभ्रा व्हायचा.

आईनं दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काय करायलीस गं?"

"नातवंडाला कपडे."

"जनमलं व्हय?"

"जन्मेल की. साडेतीन महिने आहेत."

"मग जनमल्यावर शीव. आदी शिवू न्हाय लेकराचं काय."

मी हसले. हसण्यातही माझा एक जुना तोरा होता. मी ती बाई, जी अमावास्येला तिठ्यावर उतरवून टाकलेली लिंबं पोरांकडून गोळा करून आणायची, धुवायची, आणि वर्गात सरबत करून सगळ्यांच्या आधी स्वतः प्यायची. पालक हेडमास्तरांकडं तक्रार घेऊन यायचे. हेडमास्तर मला बोलवायचे आणि मी त्यांनाही सरबत प्यायला या म्हणायचे. असल्या बाईला तिच्याच आईनं 'आदी शिवू न्हाय' म्हणावं! "बघू हं काय होतं ते," मी म्हटलं आणि मशीनचं चाक फिरवलं. तिनं खाटेवर कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं.

फोटोतलं काही जमेना तेव्हा मला आईची पत्र्याची पेटी आठवली. तिच्यात जुनं काहीतरी असेल, त्यावरून सुचेल, या विचारानं मी ती उघडली. दोन लुगडी, एक घोंगडीचा तुकडा, डांबरगोळ्या, आणि अगदी तळाला, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं एक झबलं.

ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. हातभरसुद्धा नव्हतं. पाच वेगवेगळ्या कापडांचं, समोर उघडं, छातीशी नाड्या बांधायच्या. पाठीला धोतराचं पांढरं, एक बाही छिटाची, दुसरी लुगड्याच्या हिरव्या तुकड्याची, पुढं एकीकडं निळं आणि एकीकडं खणाचं लाल. टाके बारीक, हातानं घातलेले, आणि शिवण सगळी बाहेरच्या बाजूला, बाळाच्या अंगाला टोचू नये म्हणून. नाड्यांच्या जागी मात्र ओबडधोबड होतं. आधीच्या नाड्या उसवून पुन्हा लावल्याच्या खुणा होत्या, एका जागी तीन वेळा सुई गेलेली दिसत होती. वापरात तुटल्या असतील म्हणून मी ते सोडून दिलं.

"आई, हे माझं का?"

तिनं हातानंच चाचपून ओळखलं. डोळ्यांत मोतीबिंदू आहे तिच्या. "व्हय. तू घातलंयस ते."

मग तिनं सांगितलं. माझ्या आधी तिची लेकरं गेली, एवढं मला माहीत होतं. तिघं. घरात त्यावर कधी कुणी बोलत नसे. लेकरं जगत नसली की आईनं पाच घरी जायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि पदर पसरून जुनं कापड मागायचं. त्याचं झबलं करायचं. लेकरू आपलं नाही, मागून आणलेलं आहे, असं सगळ्यांना दिसलं पाहिजे. मागून आणलेल्यावर कुणाची नजर नसते, नेणाराचीसुद्धा.

"आणि मी राहिले," मी म्हटलं.

"व्हय. तू राहिलीस," ती म्हणाली आणि झबलं पुन्हा फडक्यात गुंडाळायला लागली.

मी ते तिच्या हातातून घेतलं, फोटो काढला आणि लेकीला पाठवला. तिचा उलट फोन मिनिटात आला. "आई! हे किती भारी पॅचवर्क आहे! मला हेच पाहिजे. हुबेहूब हेच." मग काय, मी बाजारात गेले. पांढरं मलमल, फुलांचं केंब्रिक, हिरवं, निळं, खणाचा अर्धा मीटर. दुकानदार म्हणाला, बाई एवढे तुकडे कशाला, एकाच रंगाचं घ्या. मी त्याला पॅचवर्क समजावून सांगितलं. आठवड्यात ते नवं झबलं तयार झालं, शिवाय झालरीचे दोन फ्रॉकही जमले. इस्त्री करून तिन्ही हँगरला लावून कपाटाच्या मुठीला अडकवले. लेकीनं तो फोटो स्टेटसला ठेवला. आईनं त्या कपाटाकडं एकदाही मान वळवली नाही.

सातव्यात पुण्याला डोहाळजेवण झालं आणि लेक बाळंतपणाला आमच्याकडं आली. आल्यापासून चौथ्या दिवशी सकाळी तिला पाणी जायला लागलं. बार्शीला नेलं, तिथून सोलापूरला पाठवलं. संध्याकाळी मुलगी झाली. तेराशे ग्रॅम.

काचेच्या पेटीतलं ते मूल मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडूसुद्धा आलं नाही, इतकी मी घाबरले. नाकात नळी, पायाला वायर, कातडी इतकी पातळ की आतलं दिसेल. अंगावर एक डायपर, तोही दुमडून अर्धा केलेला. कपडा नाहीच. श्वास घेताना तिच्या बरगड्या आत जायच्या आणि मी दाराच्या काचेतून त्या मोजायचे, म्हणजे श्वास मोजायचे, आणि एखादा उशिरा आला की माझा अडकायचा. आजीला दिवसातून एकदा पाच मिनिटं बघायची परवानगी. बाकी वेळ व्हरांड्यातलं बाकडं. डॉक्टर चांगले होते, नीट सांगायचे. फुप्फुसं कच्ची आहेत, जंतुसंसर्गाची भीती आहे, रोजचा दिवस बघायचा. लेक दर तीन तासांनी दूध काढून द्यायची, ते नळीतून थेंब थेंब जायचं. जावई पुण्याहून आलेला, तो औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन पळायचा. यजमान रांगेत उभे राहायचे. मला काही काम नव्हतं. चौतीस वर्षं मी वर्गात कुणाला रिकामं बसू दिलं नव्हतं.

त्या बाकड्यावर मला एकच दिसायचं. कपाटाच्या मुठीला अडकवलेले तीन हँगर.

मला ठाऊक होतं की पाणी का गेलं ते डॉक्टरांनी सांगितलंय, आणि त्या कारणात शिलाई मशीन कुठं बसत नाही. हे एखाद्या पोरीनं मला विचारलं असतं तर फळ्यावर आकृती काढून दाखवलं असतं. पण स्वतःला दाखवायला फळा नव्हता. आदी शिवू न्हाय, म्हणाली होती. मी हसले होते. ही दोन वाक्यं एकापुढं एक येऊन बसायची आणि उठायचीच नाहीत. लेकीच्या तोंडाकडं बघवेना. तिनं मागितलं होतं, पण शिवलं मी होतं.

नवव्या दिवशी यजमान म्हणाले, आई घरी शेजारच्यांच्या भरवशावर आहेत, तू एक चक्कर टाकून ये. मी एसटीनं भूमला आले. घरात शिरल्याबरोबर ते हँगर काढले, कपडे पिशवीत कोंबले आणि पिशवी माळ्यावर टाकली. मग आईच्या खाटेशी जाऊन बसले आणि जे आयुष्यात बोलेन असं वाटलं नव्हतं ते बोलले. "आई, पाच घरी मागायला कसं जायचं असतं?"

"जा की. जुनं मागायचं. घरचं चालत न्हाय."

मी गेले. आणि काय झालं सांगते. दोन घरं सोडून बँकेतल्या साहेबांचं घर आहे. त्यांच्या बायकोनं मला आत घेतलं, सोफ्यावर बसवलं, चहा टाकला. मी म्हटलं, थोडं जुनं सुती कापड असेल का. "बाई, तुम्हाला जुनं कसं देऊ?" म्हणून ती आत गेली आणि कोरा करकरीत ब्लाउजपीस घेऊन आली, वर हळदीकुंकू. पुढच्या घरची सून माझी विद्यार्थिनी. तिनं पाया पडून नवा टॉवेल दिला, घडीवरची चिठ्ठीसुद्धा निघाली नव्हती. तिसरीला कुठून तरी कळलेलं, "नात झाली ना बाई! पेढे कुठायत?" म्हणत तिनं बाळाचा तयार ड्रेस खोक्यासकट हातात ठेवला. मी 'हो, देते की पेढे' म्हटलं आणि रस्त्यावर आल्यावर भिंतीला हात टेकून उभी राहिले. चौथीकडं पुन्हा ब्लाउजपीस, पाचवीकडंही. तीन ब्लाउजपीस, एक टॉवेल, एक खोकं, पोटात पाच कप चहा आणि एक चिंधी नाही. सगळा गाव मला मान देत होता आणि मला तो मान कुणावर तरी फेकून मारावासा वाटत होता.

आईला दाखवलं. तिनं एकेक हातानं चाचपलं.

"च्या पिलीस?"

"पाजला त्यांनी."

"उंबरा वलांडून आत गेलीस व्हय?"

"मग काय दारातून ओरडू?"

"मग तू पाव्हणी झालीस की. पाव्हणीला चिंधी कोन देतंय? तू इचारलंस. मागितलं न्हाईस."

"काय फरक आहे?"

"मागताना लाज वाटती," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा बाहेर पडले. चपला गेटपाशी काढल्या. पहिल्यांदा ओळखीच्या गल्लीत गेलेच नाही. पिठाच्या गिरणीमागं एका पिंजाऱ्याचं घर आहे, तिथं गेले. दारात एक म्हातारी ज्वारी निवडत होती. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले, पदर पुढं धरला, आणि आवाज निघेना. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा माझा आवाज. कसंबसं म्हटलं, "लेकराच्या झबल्याला कापड मागायला आलेय."

म्हातारीनं कुठलं लेकरू, काय झालं, काहीही विचारलं नाही. सूप बाजूला ठेवलं. "हमारे में भी मांगते, बाई. ठैरो." आतून फाडल्याचा आवाज आला. नवऱ्याच्या जुन्या कुडत्याचं पांढरं कापड तिनं माझ्या पदरात टाकलं आणि पुन्हा ज्वारी निवडायला बसली.

त्यानंतर मी बँकेतल्या साहेबांच्या दारात गेले. त्यांची बायको आत या म्हणाली. मी आत गेले नाही. बाहेरूनच सांगितलं. तिचा चेहरा एकदम उतरला. ती आत गेली ते एक पिवळं दुपटं घेऊन आली, धुऊन धुऊन रंग गेलेलं, तिच्या मुलीचं. त्याचा कोपरा कापताना ती रडायला लागली आणि मला तिची समजूतसुद्धा काढता येईना, कारण उंबरा मध्ये होता. तिसरं घर एसटीच्या कंडक्टरचं, ते आता नाहीत. बायकोनं त्यांच्या खाकी शर्टाची पाठ दिली, मलमलीइतकी मऊ झालेली. माझ्या त्या विद्यार्थिनीनं सासूच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा दिला, या वेळी पाया पडली नाही. आणि पाचव्या घरी, जिथं मला कुणी ओळखत नव्हतं, एका तरुण बाईनं फुलाफुलांचा जुना गाऊन आणला आणि म्हणाली, एवढंच सुती आहे बघा, बाकी सगळं पॉलिस्टर. आमच्या काळची छीट ती आता गाऊनमध्ये राहिली आहे.

दुपारी खिडकीशी बसून मी ते शिवलं. मशीनवर नाही, हातानं. माप कशाचं घ्यायचं कळेना. तेराशे ग्रॅमच्या बाळाचा फोटो कुणी पाठवत नाही. शेवटी माझा उजवा तळवा कापडावर ठेवला, मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत, आणि तेवढंच कापलं. शिवण बाहेरून. आई शेजारी बसून प्रत्येक तुकडा कुणाचा ते विचारत होती. आईचं जुनं झबलं मी समोर ठेवलं होतं, बघून शिवायला. नाड्यांपाशी आले तेव्हा त्या तीनदा उसवलेल्या जागेवर माझं बोट गेलं.

"आई, ह्या नाड्या सारख्या तुटायच्या का गं? मी लई वळवळी होते का?"

"तुटल्या न्हाईत. सोडवल्या म्या."

"कशाला?"

"दर बारीला नव्या लावल्या."

मला कळायला वेळ लागला. सुई हातात तशीच होती. "हे माझ्यासाठी शिवलं होतंस ना? तिघं गेल्यावर?"

"पयलं गेल्यावर शिवलं. तुज्या आधीच्या दोघांनी बी हेच घातलं हुतं."

खिडकीबाहेर भंगारवाला ओरडत गेला. मला आईचा राग आला, असा राग की तिच्या हातातला तुकडा हिसकावून घ्यावा. जन्मभर मी तिला म्हणत आले की असल्यानं काही होत नसतं, आणि आज पहिल्यांदा मला तिच्या तोंडून 'होतं' असं ऐकायचं होतं. खोटं तर खोटं. आणि आजच ती माझ्या बाजूनं बोलली.

"मग मला कशाला घातलंस? माहीत होतं ना, उपयोग नाही म्हणून?"

"दुसरं काय हुतं माझ्या हातात?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तू रडत हुतीस. उघडी हुतीस. घातलं."

मी उरलेलं शिवून टाकलं. नाड्या लावताना प्रत्येक टाका तीनदा घातला.

रात्र व्हायच्या आत सोलापूरला पोचले. यजमान बाकड्यावर बसल्या बसल्या झोपले होते. लेक दूध देऊन नुकतीच आली होती, डोळ्यांखाली काळं, केसांना चार दिवस फणी नाही. सिस्टरला मी झबलं दाखवलं. तिनं हातात घेतलं, बाहेरची शिवण पाहिली, म्हणाली, कापड चांगलं मऊ आहे, पण अजून नाही आजी, वायरी निघू द्या, मग बघू. धुऊन उकळून ठेवा. कधी निघतील, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी झबलं घेऊन बाकड्यावर येऊन बसले. लेकीनं ते माझ्या मांडीवरून उचललं. उलटसुलट केलं. खाकी तुकड्यावरून बोट फिरवलं. या वेळी ती पॅचवर्क म्हणाली नाही.

"खरंच मागून आणलंस? तू?"

"हो."

ती ते तळहातावर पसरून बघत बसली. झबलं तिच्या हातात मावत होतं. मग काचेच्या दाराकडं बघत, माझ्याकडं न बघता, तिनं विचारलं, "आई, आज्जीनं असंच घातलं आणि तू जगलीस ना?"

आयुष्यभर मी मुलांना एकच सांगत आले, की माहीत आहे ते सांगा, माहीत नाही ते नाही म्हणा. मला उत्तर माहीत होतं. आईच्या पेटीच्या तळाला फडक्यात गुंडाळलेलं होतं.

"हो," मी म्हटलं. "त्यानंच जगले."

तिनं मान हलवली आणि झबल्याच्या नाड्यांची एक सैल गाठ बांधून ते छातीशी धरलं. आत सिस्टर पेटीची झडप उघडून बाळाची कूस बदलत होती. मी उठून काचेपाशी गेले आणि पुन्हा श्वास मोजायला लागले.